शोरूममध्ये न दिसणारी गाडी

मोटारगाडीचा त्रास दोन तऱ्हांचा असतो. एक बिघाडाचा, तो गॅरेजमध्ये गेल्यावर संपतो. दुसरा गाडीच्या आखणीतच असतो, आणि गाडी विकेपर्यंत मालकाची पाठ सोडत नाही. पावसात धूसर होणारी मागची काच, वळणावर माणूस झाकून टाकणारा जाड खांब, एसीची हवा कमी करण्यासाठी तीनदा बोट लावायला सांगणारा स्क्रीन, पंक्चर काढायचे म्हटले की आधी रिकामी करावी लागणारी डिकी, यांतले काहीही नादुरुस्त नसते. सगळे कारखान्यातून तसेच ठरून आलेले असते.

याचे एक कारण विक्रीच्या पद्धतीत आहे. गाडी शोरूममध्ये जेमतेम तासभर पाहिली जाते आणि पुढे दहा-बारा वर्षे वापरली जाते. पण खरेदीचा निर्णय त्या तासाभरात होतो. साहजिकच कंपनीचा पैसा पहिल्या नजरेत भरणाऱ्या गोष्टींवर लागतो आणि पहिल्या पावसाळ्यात कळणाऱ्या गोष्टी मागे पडतात. खेदाची बाब अशी की मागे पडणाऱ्या या गोष्टी बहुधा स्वस्तातल्या असतात.

वसई तालुक्यातले नंदाखाल हे अशा आखणीची कसोटी पाहणारे गाव आहे. विरार पश्चिमेहून बोळिंज ओलांडून आगाशी-अर्नाळ्याकडे निघाले की हा पट्टा लागतो. केळीच्या, फुलांच्या आणि भाजीपाल्याच्या वाड्या, मध्ये बावखले म्हणजे पाण्याची तळी, कुंपणांच्या कडेकडेने वळणे घेत जाणारे अरुंद रस्ते आणि काही किलोमीटरवर समुद्र. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत या किनाऱ्यावर दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, विरारच्या बाजूने इमारती वाढत आल्या, दारोदारी एमएच ४८ क्रमांकाच्या गाड्या आल्या; आतले रस्ते मात्र बैलगाडीच्या रुंदीचेच राहिले. पाऊस, खारी हवा, अरुंद रस्ता, झाडांची सावली आणि एकत्र प्रवास करणारे तीन पिढ्यांचे कुटुंब, अशा सगळ्यांना एकाच वेळी पुरे पडणारी गाडी येथे लागते.

पहिला प्रश्न पावसाचा. वायपरचा इतिहासच मुळी वापरणाऱ्यांच्या गैरसोयीतून घडला आहे. मेरी अँडरसन या अमेरिकन महिलेने १९०३ मध्ये आतून हाताने फिरवायच्या वायपरचे पेटंट घेतले. त्यानंतर सहा दशके वायपर एक तर बंद असे किंवा सतत चालू असे. रिमझिम पावसात तो कोरड्या काचेवर करकरत राही. थांबून थांबून फिरणारा वायपर रॉबर्ट कर्न्स यांनी १९६० च्या दशकात तयार केला आणि त्याच्या हक्कासाठी मोठ्या कंपन्यांशी वर्षानुवर्षे न्यायालयात झगडा दिला. १९९० मध्ये फोर्डने त्यांना एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन प्रकरण मिटवले. आज पुढच्या काचेचा प्रश्न जवळपास सुटला आहे. मागच्या काचेचा मात्र सुटलेला नाही.

हॅचबॅक आणि एसयूव्ही यांची पाठ उभी असते. गाडी धावू लागली की या उभ्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि चाकांनी उडवलेले गढूळ पाणी तिकडे ओढले जाते. सेदान गाडीची मागची काच उतरती असल्याने तिच्यावर चिखल त्या मानाने कमी बसतो. म्हणजे मागचा वायपर आणि काच तापवून वाफ घालवणाऱ्या तारा यांची खरी गरज हॅचबॅकला आहे; आणि नेमक्या याच दोन गोष्टी अनेक कंपन्या फक्त वरच्या, महागड्या मॉडेलमध्ये देतात. ज्याला मागचा वायपर हवा त्याला मोठा स्क्रीन, मिश्रधातूची चाके आणि कधी सनरूफही घ्यावे लागते. ही विभागणी चुकीची आहे. मागचे दिसणे ही चैन नव्हे. कोकण किनारा, घाटमाथा आणि मुंबई-ठाणे-पालघर या पावसाच्या पट्ट्यात विकल्या जाणाऱ्या उभ्या पाठीच्या प्रत्येक गाडीत, अगदी सर्वांत स्वस्त मॉडेलमध्येही, या दोन गोष्टी असायला हव्यात.

काचेवरच्या वाफेचा त्रास याहून अधिक जणांना होतो, कारण तिचे दोन प्रकार असतात हे फार थोड्यांना ठाऊक असते. भिजलेली चार माणसे गाडीत बसली की श्वासातला आणि कपड्यांतला ओलावा थंड काचेच्या आतल्या बाजूवर धरतो. अशा वेळी एसी चालू करून हवेचा झोत पुढच्या काचेवर वळवायचा आणि आतलीच हवा फिरवत ठेवणारे बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यायची. एसीच्या थंड नळ्यांवर हवेतले पाणी गळून पडते, कोरडी हवा काचेवर येते आणि काच मिनिटभरात साफ होते. दुसरा प्रकार याच्या उलट. काचेवर बराच वेळ गार हवा सोडली की काच बाहेरच्या दमट हवेपेक्षा थंड होते आणि वाफ बाहेरून धरते. मग आतून कितीही पुसले तरी उपयोग होत नाही. वायपर एकदा फिरवून झोत काचेवरून काढावा लागतो. बटणांवर मात्र पंख्याच्या आकाराचे आणि चौकोनी असे दोन चित्रविचित्र ठसे असतात, तेही करंगळीच्या नखाएवढे. या कामासाठी एकच मोठे, अंधारात हाताला कळेल असे बटण असावे आणि ते दाबताच एसी, पंख्याचा वेग, हवेची दिशा व बाहेरची हवा हे सारे आपोआप जुळावे. काही गाड्यांत ही सोय आहे. ती सगळ्यांत यायला तंत्राची अडचण नाही.

जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या दारांना तिकोनी काच असे. ती किंचित तिरकी केली की पाऊस आत न येता वारा येई. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. एसीच्या काळात ती काच परत येणार नाही. पण एसी बंद असताना, भर पावसात, वारा आत घेण्याची काहीतरी तजवीज हवी ही गरज कायम आहे. म्हणूनच लोक बाजारातून प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणून दारांच्या काचांवर पागोळीसारख्या चिकटवतात. जी वस्तू घेणारा माणूस गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात बाहेरून विकत आणतो, ती मुळात गाडीबरोबर यायला हवी होती.

झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीचे दुखणे वेगळे. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरच्या खाली, जाळीची एक पन्हळ असते. काचेवरून ओघळणारे पाणी तिच्यातून बाजूच्या छिद्रांवाटे खाली जाते. आंब्याची, चिंचेची पाने कुजून या पन्हळीत गाळ झाला की छिद्रे तुंबतात आणि पाणी एसीच्या वाटेने पुढच्या माणसाच्या पायाशी येते. मालकाला वाटते, दाराचे रबर गेले. सनरूफच्या चौकटीलाही अशाच बारीक नळ्या असतात. त्या तुंबल्या की छतातून थेंब गळू लागतात. दारांच्या तळाशी असलेली छिद्रे बंद झाली तर पाणी दारातच साठून आतून गंज धरतो, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत हा गंज भराभर पसरतो. ही सर्व छिद्रे हात पोचेल अशा जागी असावीत, वरची जाळी पाना न लावता निघावी आणि ती साफ करणे सर्व्हिसिंगच्या यादीत पावसाळ्यापूर्वीचे काम म्हणून लिहिलेले असावे. सनरूफबद्दल तर स्पष्ट म्हणायला हवे: वर्षातले चार महिने पाऊस आणि चार महिने कडक ऊन असलेल्या मुलखात त्याचा उपयोग फार थोडा आहे. त्याने वजन वाढते, डोक्यावरची जागा कमी होते आणि देखभालीचे एक काम वाढते.

साचलेल्या पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले तेव्हा रेल्वे थांबली, वीज गेली, आणि असंख्य गाड्या उभ्या जागी बुडाल्या. पाण्यातून चालवताना इंजिन निकामी होण्याचे मुख्य कारण हवा ओढणारी नळी. बऱ्याच गाड्यांत तिचे तोंड पुढच्या जाळीमागे असते. तिथून पाणी सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टन अडतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, आणि सगळा जोर येऊन पिस्टनचा दांडा वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायला गेले की नुकसान हमखास होते. साध्या विमा पॉलिसीत ही दुरुस्ती सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिनचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. मोठ्या एसयूव्हींच्या जाहिरातीत गाडी किती खोल पाण्यातून जाऊ शकते ते अभिमानाने छापलेले असते. छोट्या गाड्यांच्या माहितीपत्रकात हा आकडा शोधूनही सापडत नाही. तो प्रत्येक गाडीसाठी जाहीर झाला पाहिजे, आणि दाराच्या कडेला टायरमधल्या हवेचा तक्ता चिकटवलेला असतो तिथेच छापलेला हवा.

दुसरा मोठा विषय दिसण्याचा. अरुंद रस्ता, वळणावर कुंपण आणि कुंपणाआडून अचानक येणारी सायकल, ही नंदाखाल-आगाशीच्या आतल्या रस्त्यांवरची नेहमीची स्थिती. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब गेल्या काही वर्षांत जाड झाले. भारतात समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचण्या नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून आणि सर्व गाड्यांना ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाल्या. धडकेचा भार पेलण्यासाठी खांब भक्कम हवेत हे खरे आहे, आणि त्याबद्दल तक्रार करता येणार नाही. पण उजवे वळण घेताना याच खांबाआड उभा माणूस पूर्ण झाकला जातो. बाजूचा आरसा खांबाच्या कोपऱ्यात न बसवता दाराच्या पत्र्यावर बसवला तर खांब आणि आरसा यांच्यामध्ये एक फट राहते आणि तिच्यातून पलीकडचा माणूस दिसतो. काही कंपन्या तसे करतात. बदल अगदी लहान आहे. तो प्रत्यक्ष गाडीत बसल्याशिवाय लक्षात येत नाही.

आरसे आतून बटणाने मिटणे ही गोष्टही चैनीत मोजली जाते. समोरासमोर आलेल्या दोन गाड्या कुंपणाला खेटून निघताना चालकाला काच खाली करून हात बाहेर काढावा लागतो, आणि डाव्या बाजूच्या आरशासाठी शेजारच्याला सांगावे लागते. रिव्हर्स घेताना १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झालेले मागचे सेन्सर मदतीला येतात. पण बारीक खांब किंवा उघडे गटार त्यांना नेहमीच कळते असे नाही. कॅमेरा असेल तर तो नंबरप्लेटच्या वर, म्हणजे चिखल जिथे सर्वांत जास्त उडतो तिथेच बसवलेला. मागच्या वायपरचे पाणी सोडणाऱ्या नळीला एक फाटा देऊन कॅमेऱ्याची काच धुता येते. काही गाड्यांत कॅमेरा झाकणाखाली लपलेला असतो आणि रिव्हर्स टाकल्यावरच बाहेर येतो. दोन्ही उपाय चांगले आहेत.

रात्री समोरच्या गाडीचे एलईडी दिवे डोळ्यांवर येतात, ही तक्रार आता प्रत्येक चालकाच्या तोंडी आहे. त्यातला बराच भाग डिपर न देण्याचा आहे. पण काही भाग दिव्याच्या कोनाचा आहे. मागच्या सीटवर तिघे आणि डिकीत सामान असले की गाडीची पाठ दबते, नाक वर होते आणि साधा झोतही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. यासाठी बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली उजव्या बाजूला शून्यापासून आकडे लिहिलेली एक छोटी फिरकी असते. आकडा वाढवला की झोत खाली येतो. वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्या अनेकांनी तिला हातही लावलेला नसतो, कारण तिच्याजवळ एका दिव्याच्या चित्रापलीकडे काहीही लिहिलेले नसते. झोत आपोआप जुळवणारी यंत्रणा महागड्या गाड्यांत असते. ती स्वस्त गाड्यांत येईपर्यंत डिलिव्हरी देताना ही फिरकी दाखवून देणे एवढे तरी विक्रेत्याला जमण्यासारखे आहे.

स्क्रीनचा प्रश्न जगभर गाजतो आहे. गाडीतली बटणे काढून सगळा कारभार काचेच्या पडद्यावर नेल्याने कंपनीचा खर्च वाचतो आणि डॅशबोर्ड आधुनिक दिसतो. पण बटण हाताला लागते. पडद्याकडे पाहावे लागते. स्वीडनच्या ‘वी बिलेगारे’ या मोटार-मासिकाने २०२२ मध्ये याची साधी चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने चालत्या गाडीत रेडिओ बदलणे, एसी कमी-जास्त करणे अशी ठरावीक कामे करायची. फक्त बटणे असलेल्या २००५ सालच्या जुन्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत झाली आणि तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत वाईट ठरलेल्या नव्या गाडीत त्याच कामांना जवळपास ४५ सेकंद लागले. तेवढ्यात ती १,३७२ मीटर पुढे गेली होती. युरोपातल्या सुरक्षा-चाचणी संस्थेने, म्हणजे युरो एनकॅपने, २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीची हाक या पाच गोष्टींना हाताने चालवायचे स्वतंत्र साधन असावे, असा निकष गुणांसाठी धरला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या भारत एनकॅपचा भर गाडीतल्या मोठ्यांच्या आणि मुलांच्या धडकेतल्या बचावावर आहे. त्याच्या निकषांतही बटणांचा विचार यायला हवा, आणि भारतासाठी पाच गोष्टींत सहावी घालायला हवी ती एसीची. घामेजलेल्या, ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

डॅशबोर्डवरच्या काळ्या चकचकीत प्लॅस्टिकचीही गोष्ट हीच. शोरूमच्या दिव्यांत ते झळकते. उन्हात डोळ्यांवर तिरीप मारते आणि धुळीचा प्रत्येक कण व बोटाचा प्रत्येक ठसा दाखवते. साध्या, खरबरीत, मध्यम करड्या रंगाच्या पृष्ठभागाने हा सगळा त्रास टळतो.

गाडी कोण वापरणार याचा विचार आखणीत बहुधा चालकापाशीच थांबतो. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांतल्या वयस्क स्त्रिया आजही लुगडे नेसतात. रविवारच्या मिस्साला जायला अशी आजी उंच एसयूव्हीत चढते तेव्हा काय होते ते पाहण्यासारखे आहे. पाऊल ठेवायचा उंबरठा गुडघ्याच्या वर, सीट त्याहून वर, मध्ये रुंद आणि चिखलाने माखलेली पत्र्याची कड. लुगड्याचा घोळ तिला पुसतच आत जातो. धरायला छताजवळ एक मूठ असते, पण ती उंचावर. म्हातारा हात तिथवर पोचत नाही. उलट, फार बुटक्या गाडीत बसता येते आणि उठता येत नाही. गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी सीटची उंची खुर्चीएवढी असावी, दार जवळजवळ काटकोनात उघडावे, दाराच्या खांबावर छातीच्या उंचीला उभी मूठ असावी आणि दाराची खालची कड पत्र्याला पूर्ण झाकून चिखल बाहेरच ठेवणारी असावी. हे सारे आज कुठल्या ना कुठल्या गाडीत आहे. एका गाडीत एकत्र मिळणे अवघड आहे.

मागच्या सीटच्या पट्ट्यांचा विषय पालघर जिल्ह्याला फार जवळचा आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघेही मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता असे तपासात पुढे आले. त्याच महिन्यात मागच्या सीटसाठीही पट्ट्याची आठवण देणारा आवाज सक्तीचा करण्याचा मसुदा केंद्र सरकारने काढला. तीन बिंदूंचा पट्टा व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये दिला. तो लावण्याचा आळस हा सवयीचा भाग आहे, पण आखणीही त्या आळसाला हातभार लावते. मागच्या पट्ट्याचे कुलूप सीटच्या फटीत घुसून बसते, तिथे चाचपडत बोटे घालावी लागतात. बाहेरून बसवलेले सीटकव्हर अनेकदा ते कुलूपच झाकते. काही सीटकव्हरे सीटच्या कडेत बसवलेल्या एअरबॅगची वाटही अडवतात. कुलूप ताठ दांड्यावर, फटीच्या वर, वेगळ्या रंगात असले तर आजी-आजोबाही ते एका हाताने लावू शकतात. दुसरीकडे, पुढच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी गाडी बोंबलू लागते, म्हणून लोक आवाज बंद करणाऱ्या खोट्या क्लिपा वापरत. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना त्या काढून टाकायला लावल्या. बंदी योग्यच होती. तरी पिशवी आणि माणूस यांतला फरक ओळखणारी सीट बनवणे हे काम कंपन्यांकडे शिल्लक राहतेच.

डिकीची कथा करांच्या नियमांशी जोडलेली आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात मोठी सवलत मिळाली. तेव्हापासून अनेक गाड्या ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतात. २०१२ मध्ये स्विफ्ट डिझायरची शेपूट याच मापात बसवण्यासाठी कापली गेली आणि डिकी ४४० लिटरवरून ३१६ लिटरवर आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटीच्या दरांतही लहान गाड्यांना १८ आणि इतरांना ४० टक्के असा फरक आहे, त्यामुळे ही चार मीटरची रेघ अजून काही वर्षे पुसली जाणार नाही.

अशा आखूड डिकीत सीएनजीची टाकी आली की उरते ती चिंचोळी जागा. केळीचा एक लोंगर किंवा फुलांच्या दोन पाट्या ठेवायच्या तर मागची सीट पाडावी लागते. स्टेपनी टाकीच्या खाली किंवा मागे अडकलेली. पंक्चर झाले की आधी सामान रस्त्यावर, मग चाक. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या बसवल्या आणि वर सपाट जागा मोकळी ठेवली. गेल्या काही वर्षांतला हा सर्वांत उपयोगी बदल म्हणता येईल. केंद्राने जुलै २०२० मध्ये नियम बदलून, टायरमधली हवा सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचे साहित्य दिले असेल तर ट्यूबलेस टायरच्या लहान गाड्यांना स्टेपनीची सक्तीही सैल केली आहे. पण खड्ड्यात टायरची कड फाटली तर त्या साहित्याचा उपयोग नसतो. जिथे रात्री नऊनंतर पंक्चरवाला सापडत नाही तिथे स्टेपनी हवीच.

तक्रारीवरून गाडी बदलल्याचे जवळचे उदाहरण नॅनोचे आहे. पुण्याच्या अभियंत्यांनी घडवलेली ही गाडी मार्च २००९ मध्ये बाजारात आली. खर्च वाचवण्यासाठी तिची मागची डिकी बाहेरून उघडतच नसे. सामान मागची सीट पाडून आतून ठेवावे लागे. पेट्रोल भरायचे तोंड पुढच्या बोनेटखाली होते, त्यामुळे पंपावर प्रत्येक वेळी बोनेट उघडावे लागे. ग्राहकांनी हे सतत बोलून दाखवले. २०१४ मध्ये तिला पॉवर स्टीअरिंग मिळाले आणि मे २०१५ मध्ये आलेल्या जेनेक्स नॅनोला उघडणारी डिकी. तोपर्यंत लोकांचे मत बनून गेले होते. सोय उशिरा दिली की तिची किंमत वसूल होत नाही, हे नॅनोने महागात शिकवले.

गाडीच्या पोटाची उंची हाही करांनी वाकवलेला विषय. २०१३ च्या अर्थसंकल्पात १७० मिलिमीटरहून अधिक उंचीच्या मोठ्या गाड्यांवर जादा शुल्क आले, तेव्हा महिंद्राने एक्सयूव्ही ५०० ची उंची १६० मिलिमीटरवर आणली. रस्ते तेच राहिले, गाडी खाली आली. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. गावातल्या आळीत तो हाताने घातलेला, अरुंद आणि टोकदार असतो, आणि पाच माणसे बसलेली गाडी त्याला घासतेच. माहितीपत्रकात छापलेली उंची रिकाम्या गाडीची असते. भरल्या गाडीची उंचीही शेजारी छापली तर ग्राहकाला खरे चित्र कळेल.

वाडीच्या कडेला उभ्या गाडीचा आणखी एक शत्रू उंदीर. इंजिनाच्या उबेला तो बोनेटखाली शिरतो आणि तारा कुरतडतो. सकाळी गाडी चालू होत नाही, डॅशबोर्डवर चार दिवे लागतात आणि गॅरेजवाला वायरिंगचा अख्खा संच बदलायला सांगतो. त्यावर लोक तंबाखू, डांबराच्या गोळ्या, फवारे असे नाना उपाय करतात. खरा उपाय आखणीत आहे: इंजिनखाली पूर्ण झाकण, हवेच्या वाटांना बारीक धातूची जाळी, आणि तारांवर दात न बसणारे कडक आवरण. शेतीच्या आणि किनारपट्टीच्या भागात विकल्या जाणाऱ्या गाड्यांत हे कारखान्यातूनच यावे.

लहान सुधारणा किती मोलाची ठरते ते पेट्रोलच्या काट्याजवळच्या बाणावरून कळते. फोर्डमधले जिम मॉयलन १९८६ मध्ये कंपनीच्या एका गाडीत पेट्रोल भरायला गेले. टाकीचे तोंड दुसऱ्या बाजूला निघाले आणि या खटाटोपात ते पावसात भिजले. कोणत्या बाजूला तोंड आहे ते दाखवणारा छोटा बाण काट्याजवळ छापावा, असे त्यांनी कंपनीला लिहून कळवले. १९८९ च्या मॉडेलांपासून तो बाण दिसू लागला आणि पुढे जगभरच्या गाड्यांत पसरला. या सुधारणेला खर्च असा जवळजवळ काहीच नव्हता.

याच जातीच्या गोष्टी अजून बऱ्याच आहेत. चावीतली बॅटरी संपली तरी तिच्या पोटात लपवलेली धातूची चावी दार उघडते, आणि अनेक गाड्यांत ती चावीच चालू करायच्या बटणाला टेकवली की इंजिन सुरू होते. हे चावीवरच छापता येईल. सीएनजीच्या टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख डिकीतल्या अंधाऱ्या पट्टीवर कोरण्याऐवजी स्क्रीनवर आठवण म्हणून दाखवता येईल. काही गाड्या आता मराठीत दिलेले हुकूम ऐकतात. त्याच गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समधले जाडजूड माहितीपुस्तक मात्र बहुधा इंग्रजीत असते. वाफ कशी घालवायची, झोत कसा खाली करायचा, पाण्यात बंद पडलेल्या गाडीचे काय करायचे, हे त्यात लिहिलेले असते. ते मराठीत, चित्रांसह, चाळीस पानांत दिले तर यांतल्या निम्म्या अडचणी घरच्या घरी सुटतील.

सुरक्षेला बाधा आणणाऱ्या दोषांसाठी १ एप्रिल २०२१ पासून नियम आहेत. सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांबाबत पुरेशा तक्रारी आल्या तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते आणि दंडही करू शकते. गैरसोयीसाठी अशी वाट नाही. तिथे ग्राहकाच्या हातात खरेदीपूर्वीची चाचणी एवढेच शस्त्र असते, आणि ते बहुतेक जण मोकळ्या हमरस्त्यावर दोन किलोमीटर फिरून वाया घालवतात. चाचणीला घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला न्यावे आणि त्याला स्वतःहून चढू-उतरू द्यावे. पाचही जणांनी बसून सर्व पट्टे लावून पाहावेत. गाडी भरलेली असताना आपल्या आळीतल्या गतिरोधकावरून न्यावी, संध्याकाळनंतर एकदा चालवावी, डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढायला लावावी, आणि स्क्रीनकडे न पाहता एसी आणि काचेवरचा झोत चालू करता येतो का ते बघावे. जे अडले ते विक्रेत्याला तोंडी न सांगता कंपनीला लेखी कळवावे.